दुसरा खळगा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आरसेबाई म्हणत. काम आरशाचंच होतं. डाळीएवढा काळा स्फटिक मेणात बसवायचा, हिऱ्याच्या बारीक भुकटीवर तासन्‌तास घासायचा आणि त्याची कड आरशासारखी लखलखीत करायची. त्याच्या आत अणूंचे थर, एकावर एक रचलेले. पुरेसा थंड केला की त्यातून वीज विनाअडथळा वाहते. मग प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर त्या कडेवर अवरक्त प्रकाश टाकत, किती परत येतो ते मोजत आणि एका थरातून दुसऱ्या थरात वीज कशी उडी मारते याचं गणित मांडत. सव्वीस वर्षं आरसे बाईंचे, गणित सरांचं. कौतुक कुणाचं व्हायचं हे सांगायला ज्योतिषी नको.

कड थरांना अगदी काटकोनात हवी. जरा बाक आला की थरांची स्वतःची चमक आत मिसळते आणि आलेख खोटं बोलतो. म्हणून बाई कोन तीनदा मोजून स्फटिकाच्या डबीवर लिहीत.

सरांचं गणित म्हणत होतं, थंड स्फटिकाच्या आलेखात एक खळगा पडेल. पडले दोन. सरांनी लेख छापला आणि त्यात एक ओळ घुसडून दिली: दुसरा खळगा घासताना राहिलेल्या बाकामुळे आला आहे.

नाचता येईना, अंगण वाकडं! बाईंनी ओळ वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबीवर लिहिलेला कोन बघायचेही कष्ट या माणसानं घेतले नव्हते.

घरी भांडी आपटली जाऊ लागली. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याला हा राग कळत होता, पण भांड्यांचीही काळजी होती.

"अगं, त्या पातेल्यानं काय केलंय? खरंच बाक राहिला असेल तर?"

"तुम्हीसुद्धा?"

"तसं नाही गं. पण वाकडी काच सकाळीही वाकडी आणि दुपारीही वाकडीच. तुझा बाक तसाच राहतो का, एवढं बघ."

बाईंचा हात थांबला. स्फटिक गरम केला म्हणून कड काही सरळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून त्याच स्फटिकाचा गरम असतानाचा आलेख काढला आणि सरांच्या टेबलावर आपटला.

"दुसरा खळगा कुठे गेला, सर? बाक काय बर्फाचा होता, वितळायला?"

सर चष्मा पुसत बसले.

"तुम्ही थरांमधल्या सगळ्या फटी सारख्या धरल्यात," बाई म्हणाल्या. "या स्फटिकात थर जोडीनं असतात. दोन अगदी जवळ, मग रुंद फट. पातं लावलं की तो रुंद फटीतच सुटतो, जोडी कधी फुटत नाही. सव्वीस वर्षं सोलतेय मी त्याला."

"माहीत आहे हो. पण दोन फटी धरल्या की गणित फार किचकट होतं."

"गणित तुम्हाला जमेना आणि वाकडी मी?"

आठ दिवसांनी सर उड्या मारतच स्फटिक घासायच्या खोलीत आले. दोन तऱ्हेच्या फटी धरल्यावर गणितातही बरोबर दोन खळगे पडले होते. नवा लेख तयार होता, फक्त पडताळ्यासाठी आणखी एक स्फटिक हवा होता. तो घासून डबीत तयार होता. बाईंनी डबी खिशात टाकली.

"आधी त्या ओळीचं बोला."

"सोडा ना आता, जुनं झालं. कोण वाचतंय?"

"मी वाचलंय. जगभर गेलीय ती. बसा तिथे आणि लिहा."

सर स्टुलावर बसले. बाई उभ्या राहून सांगत होत्या, सर लिहीत होते: मागच्या लेखातली चूक आमच्या गणितात होती. स्फटिकाची कड सरळ होती.

"कुणी घासली तेही लिहा."

सरांनी लिहायला सुरुवात केली आणि पेन अडलं. त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"बाई... तुमचं नाव काय हो?"

बाईंनी सांगितलं, एकेक अक्षर सावकाश. डबी मात्र त्या दिवशी दिली नाही.