पाळीवरची जखम

बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. फौजेच्या दप्तरात मात्र ते अजून घसरूनच पडलेले आहेत. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या डाव्या पायाला जे झालं, त्याची तिथे नोंद आहे ती अशी : बांधावरून पाय घसरून दुखापत. लढाईत जखमी झालेल्याला एक पदक मिळतं, घसरणाऱ्याला मिळत नाही. ते पदक त्यांच्या नावावर लागावं म्हणून आम्ही बापलेकीने जी धडपड केली, ती लिहून ठेवते आहे. लोक अजून मला विचारतात, पाय वेळेत का नाही कापला? विचारणारे सगळे नंतरचे शहाणे.

आम्ही आमगावजवळच्या एका खेड्यातले. गावाला तलाव आहे आणि तो आमच्याच पूर्वजांनी बांधला, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगतं. बाबा तरुणपणी फौजेत गेले, लढाईनंतर काही वर्षांनी लंगडत घरी आले आणि त्याच तलावाच्या पाण्यावर जन्मभर धान पिकवलं. म्हातारपणी त्यांना साखरेने गाठलं. डाव्या पायाची आधी बोटं काळी पडली, मग तळवा. मी त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, तर पोटरीत हाडाला चिकटून नखाएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं.

"लोहा है कुछ. कैसे गया?" त्यांनी विचारलं.

बाबा छताकडे बघत राहिले. मीच सांगितलं, लढाईत गोळा फुटला होता, त्याचा तुकडा आहे. डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि लवकर. बाबा यावर लगेच बोलले.

"काढा. पन आधी माझा कागद दुरुस्त होऊ द्या."

परत येताना ऑटोत मी त्यांच्यावर तोंड सोडलं. "बाबा, पाय सडून राहिला अन् तुमाले पदक सुचून राहिलं?"

"पाय गेल्यावर लोक विचारतीन, कायनं गेला? तू काय सांगशीन? साखरेनं. म्हंजे म्हातारा गोड खाऊन लंगडा झाला." मग ते म्हणाले, "अर्धा पाय तं तिथंच गेला होता, बाई. पुरा कापला का मंग दाखवाले काय राह्यते?"

मी आणखीच चिडले. माझा स्वभावच तसा आहे.

आता हे घसरण्याचं प्रकरण काय, ते सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात तलाव चढायला लागला की घरटी एक माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जातो. कुठे पाझर दिसला की माती, पळसाच्या फांद्या, धानाचं तणस, हाती येईल ते दाबायचं. या कामात कुणाला लागलंच, तर 'लागलं' म्हणायचं नाही. कुदळ पायावर पडो की दगड हातावर, माणूस म्हणतो, घसरलो. पाळीला रक्ताची चव कळली की ती फुटते, असं जुनी माणसं सांगत. पाणी उतरल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, काय ते खुशाल सांगा. तोवर जखम भरलेली असते आणि ऐकायला कुणाला सवड नसते. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण घरात माझं विज्ञान या पाळीपर्यंतच चालतं.

लढाईत जे घडलं ते मला बाबांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या तुकडीतले एक सोबती आमच्याच जिल्ह्यातल्या दरेकशाचे. गोंड माणूस, फौजेतून आल्यावर जंगलात मजुरी केली. वर्षातून एकदा ते आमच्याकडे येत आणि जेवण झालं की ती गोष्ट सांगत, तेव्हा बाबा उठून गोठ्यात जात. पंजाबकडे कुठल्याशा कालव्याचा बांध तोफेच्या माराने फुटला होता. ज्या वाटेने जखमींना मागे न्यायचं, तिच्यावर पाणी पसरू लागलं. बाबा कुणी न सांगता बांधावर चढले आणि पोत्यांत माती भरून दाबू लागले. आणखी एक जण त्यांच्या मदतीला गेला. बांध दाबून होतो न होतो तोच दुसरा गोळा पडला. तो मदतीला गेलेला जागीच गेला. बाबांचा पाय फाटला, पण सगळा चिखलाने लिंपलेला. जखमींच्या तंबूत डॉक्टर साहेबाने विचारलं, कैसे लगी? बाबा म्हणाले, बंधे से फिसल गया, साहब. तंबूत याहून वाईट अवस्थेतली माणसं ओळीने पडली होती. साहेबाने ऐकलं तसं लिहिलं, हाड बांधलं आणि बाबांना ट्रकमध्ये घातलं.

"खोटं कायले सांगतलं तुमी?" मी एकदा विचारलं होतं.

"खोटं नोको म्हनू. पाळ नुकतीच दाबली होती. पानी चढून राह्यलं होतं अन् वाटेनं मानसं येऊन राह्यली होती. कसा सांगू?"

तर आम्ही अर्ज केला. जिल्ह्याच्या सैनिकांच्या कचेरीत माझ्या खेपा सुरू झाल्या. शाळेतून अर्धी रजा, आमगावहून गोंदियाची गाडी, कचेरीत बाकावर बसणं, परत गाडी. बाबांचं फौजेतल्या नोकरीचं पुस्तक तपासताना निघालं की बाबांचं आणखी एक पदक राहून गेलंय. त्या आघाडीवर असलेल्या सगळ्यांना मिळतो तो तारा. तुकडी तिथे होती याचा पुरावा दप्तरातच होता, त्यामुळे ती नोंद बिनबोभाट झाली आणि तारा घरी आला. मला वाटलं म्हातारा खूश होईल. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे परत दिला. "हा तं सगळ्याईलेच भेटला," म्हणाले. तोवर काळेपणा घोट्यापर्यंत आला होता.

जखमेच्या पदकासाठी साक्षीदार हवा होता. मी दरेकशाला बाबांच्या त्या सोबत्याकडे गेले. स्टेशनवर माझ्यासोबत उतरलेली माणसं दोन मिनिटांत झाडांत शिरली आणि मी एकटीच पायवाटेने निघाले. काका अंगणात बसले होते. एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण मी कशाला आले ते सांगताच उठून सदरा घालायला लागले. दुसऱ्या दिवशी आमगावच्या तहसील कचेरीत येऊन त्यांनी गोळा कसा पडला, कोण गेला, कुणाचा पाय फाटला ते सगळं शपथेवर लिहून दिलं. जाताना म्हणाले, "तुझा बाप घसरलो म्हने, अन् आमाले त्याही वक्ती हासू आलं होतं. हासून घेतलं अन् मंग रडलो."

मी तो कागद घेऊन गोंदियाला पळाले. कचेरीतल्या बाबूने नीट वाचला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. "मैडम, गवाही बढ़िया है. पर चोट इनकी है, और उस टाइम का बयान भी इनका ही है. अब नया बयान भी इन्हीं को देना पड़ेगा, अपने मुँह से."

म्हणजे एवढंच राहिलं होतं. बाबांनी एकदा तोंड उघडायचं होतं. मी त्याच आठवड्यात त्यांना ऑटोत घालून तहसीलला आणलं. पाय फडक्यात गुंडाळलेला, वास लपत नव्हता. भाद्रपद चालू होता, गावचा तलाव सांडव्यावरून वाहत होता आणि आमच्या घरातला माणूस पाळीवर होता. अर्ज लिहिणाऱ्याने कागद पुढे ओढला. "बोला आजोबा, कसं लागलं?"

बाबांनी ओठ ओले केले. मग माझ्याकडे बघितलं. "दिवाळीनंतर सांगतो."

"बाबा!"

"तलाव भरला हाय. अशात नोको."

"अवो, ती पाळ तिकडं पंजाबात! आपला तलाव इथं! कायचा संबंध?"

"पानी पानीच असते, बाई."

मी तिथे सगळ्यांसमोर ओरडले. म्हणाले, पाय दिवाळीपर्यंत थांबणार नाही, तुमची पाळ राहील आणि तुम्ही जाल. लोक माना वळवून बघत होते. अर्ज लिहिणाऱ्याने कागद बाजूला केला आणि दुसऱ्या माणसाचं काम घेतलं. बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांचा मला इतका राग आला होता की त्यांना उठवायला हात द्यायलाही थोडा वेळ लागला. आणि खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती, नुसती भीती.

मग मी म्हटलं, बयान राहू द्या, पाय तरी काढू. ते नाही म्हणाले. आधी कागद. कागदाला बयान हवं, बयानाला दिवाळी हवी. मी रडले, भांडले, अबोला धरला. त्यांनी रोज सकाळी पाय उन्हात ठेवला आणि पाळीवरून येणाऱ्याला पाणी कुठवर आलं ते विचारलं.

नवरात्रात एका सकाळी ते तापाने बरळायला लागले, तेव्हा मी कुणालाच काही विचारलं नाही. गाडी बोलावली आणि गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, आता गुडघ्याच्या वरून, आजच, आणि तरीही खात्री देत नाही. दुपारी सलाईनने त्यांना जरा शुद्ध आली. संमतीच्या कागदावर सही करणार का विचारलं, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

तसेच भिंतीकडे बघत ते म्हणाले, "बाई, तिकडचं पानी आता उतरलं असन, नाही?"

कुठलं, ते मला लगेच कळलं. "उतरलं असन, बाबा. कधीचंच."

"मी पाह्यलो नाही न. ट्रकात घालून आनलं मले."

तेवढ्यात वॉर्डातल्या डॉक्टरबाई आल्या. ऑपरेशनआधी भरायचा कागद त्यांच्या हातात होता आणि पुढे अजून चार पेशंट होते. "बाबाजी, इस पैर में पहले कभी चोट लगी थी?"

मी नेहमीसारखं तोंड उघडलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"लगी थी. लड़ाई में. गोला गिरा था." मग हिंदी अपुरी पडली आणि ते आपल्या बोलीवर आले. बांध फुटला होता म्हणाले. माती दाबत होतो. माझ्या बाजूला एक पोरगा होता, तो मले म्हने तू थकला, पोतं मी उचलतो, अन् त्यानं उचललं अन् तो गेला. माझा पाय तिथं फाटला. घसरलो नाही मी. हे सगळं ते सावकाश, एकेक शब्द जोखून बोलले. आमच्या घरात ते कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"अच्छा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शुगर कब से है?"

मी वर्षं सांगितली. त्या पुढच्या खाटेकडे वळल्या, कागद बाबांच्या पायाशी ठेवून.

"त्याईनं लिवलं का?" बाबांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. त्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द होते : जुनी दुखापत.

"लिवलं, बाबा."

"मंग आन, कुठं सही करू?"