गेटवरचं टेबल आणि टिपणीस मॅडम

टिपणीस मॅडम गेल्या.

सकाळी कोळंबी सोलत होते, तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला. हात धुवायचंही सुचलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काशीदची आमची खानावळ, जिथे तुमच्यापैकी अर्धे जण जेवून, ढेकर देऊन, फोटो काढून गेलात, ती आज उभी आहे ती या बाईंमुळे.

बँकेतून रिटायर झाल्यावर मॅडम इथल्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात 'व्यवसायाची ओळख' हा कोर्स शिकवायच्या. दुपारची बॅच. आम्ही सगळे संसारी विद्यार्थी. रेवदंड्याची सुकी मासळी विकणारी एक ताई, दोघे-तिघे रिक्षावाले, आणि मी.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"एसटी स्टँडपर्यंत चालत जा. कुठल्या दुकानात शिरावंसं वाटलं आणि का वाटलं, ते येऊन सांगा."

आम्ही सगळे वडापाव खाऊन परत आलो.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता त्याच गाडीवर का खाल्लात ते सांगा."

अशा शिकवायच्या. मार्केटिंग, कॉस्टिंग वगैरे मोठे शब्द मागाहून आले. तोवर आम्हाला ते कळलेले असायचे.

मी कोर्सला गेले कारण माझी खानावळ बंद पडायला आली होती.

जेवणात खोट नव्हती. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हाताला चव आहे हे सगळं गाव सांगेल. पण आईंना पैसे मागणं जमायचं नाही, आणि त्या मलाही मागू देत नसत.

जेवून उठलेल्यांनी "आजी, किती झाले?" असं विचारलं की आईंचं ठरलेलं, "ऱ्हाऊ द्या. पोटभर जेवलाव ना?"

कुणी लाजून थोडंफार ठेवून जायचं. एक ग्रुप तर आईंच्या पाया पडून गेला.

नुसता पाया पडून.

मी चिडले की म्हणायच्या, "ज्याला ताट वाढलं त्याच्याम्होरं हात पसरू? मला न्हाय जमायचं."

नवरा वैतागला. अंगणात पे अँड पार्क करू, बसल्या जागी कमाई, असं म्हणायला लागला. समुद्राजवळच्या बऱ्याच घरांनी तेच केलं होतं. एवढा सीझन बघायचा आणि मग खानावळ बंद, असं ठरलं.

गाड्या मागे-पुढे करायला लावत मला आयुष्य काढायचं नव्हतं. मला माणसं जेवू घालायची होती.

शेवटी वर्गात 'ग्राहक' हा धडा चालू असताना मी उभी राहून बोलून टाकलं.

"मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण आमच्या आई बिलच देऊ देत नाहीत. त्यांना कसं सुधारायचं?"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"रविवारी तुझ्याकडे जेवायला येते," एवढंच म्हणाल्या.

आल्या. एसटीने, भर उन्हात, छत्री घेऊन.

आई दारातून "आत या बाई" म्हणतायत आणि या गेटपाशीच उभ्या.

"थांबा ताई, बाहेरचं बाहेर उरकते आधी."

थाळीचा दर मला विचारला. पैसे माझ्या हातात ठेवले. मग चपला काढल्या, पाय धुतले, आत येऊन बसल्या आणि आईंना म्हणाल्या, "आता मी तुमची पाहुणी. काय वाढताय?"

आईंनी काय वाढलं नाही ते विचारा. सुरमईची तुकडी, तिच्यावर आणखी एक, कालवण, तांदळाची भाकरी. मॅडम कशालाच नको म्हणाल्या नाहीत. कालवणात काय घातलंय ते विचारत राहिल्या. निघताना पैशाचा विषयच नव्हता. आई त्यांना पार रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात सांगितलं, "हिच्या सासूबाईंना सुधारायचं काही नाही. गल्ला चुलीजवळ ठेवला, ही चूक आपली."

'आपली' म्हणाल्या. 'तुझी' नाही.

त्याच आठवड्यात गेटवर सुरूच्या झाडाखाली टेबल आलं. नवऱ्याने कुरकुरत का होईना, बोर्ड रंगवला. पैशाचं सगळं तिथे. गेटच्या आत फक्त जेवण.

आई त्या टेबलाकडे अजूनही फिरकत नाहीत. थाळीचा दर त्यांना आजही विचारू नका. पण खानावळ चालली, आणि पार्किंगचं नाव नवऱ्याने परत काढलं नाही.

पुढे मॅडमचा अधूनमधून फोन यायचा. आधी "ताई कशा आहेत?", धंद्याचं मागून.

शिकवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या घरी येऊन, आपल्या माणसाचा मान राखून शिकवणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही. फार उपकार आहेत या बाईंचे.

आज सकाळी हात पुसून आईंना सांगायला गेले. त्यांनी ऐकलं आणि गॅस बंद केला.

"पुन्याच्या लोकांना फोन कर. आज चूल न्हाय पेटायची. घरातलं मानूस गेलंय."

मी म्हटलं, आई, त्या आपल्या नात्यातल्या नाहीत. आपल्याला सुतक नाही. आणि आज जेवायला येणारी ती माणसं निघालीयत पुण्याहून.

"पैसं भायेर दिलं तिनं," आई म्हणाल्या. "आत आली ती घरचीच."

नवरा गेटवर गेला आणि बोर्ड उतरवून आला.

दुपारी, दुःखाच्या घरी देतात तसं, शेजारून पिठलं-भात आला. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"



मी म्हटलं, "माझ्या मॅडम."

काकू आईंजवळ जाऊन बसल्या.

मॅडम, नीट जा. आमच्या सगळ्या घराची तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.