साध्या जेवणाची यादी

औशातले कापड दुकानदार धोंडप्पा यांची साखर वाढली, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "साधं जेवत जा." धोंडप्पांनी ते मनावर घेतलं आणि बायकोच्या, जगदेवीच्या, अंगावर टाकलं. मोबाईलवर बघून त्यांनी साध्या जेवणाची यादी केली: ओट्स, मोडाचे मूग, वाफवलेला दोडका, पाच रंगांची कोशिंबीर आणि वरून जवसाची पूड. जगदेवी सकाळी विळीवर बसायची, ती दुपारीच उठायची. नणंदेच्या लग्नातही तिला इतकं साधं जेवण करावं लागलं नव्हतं.

महिन्यानं तपासलं, तर साखर आणखी चढलेली. डॉक्टरांनी यादी वाचून मान डोलावली. "यादी तर उत्तम आहे. मग बिघडतंय कुठं?"

"हिच्या हातात," धोंडप्पा म्हणाले. "हिला साधं काही जमतच न्हाई, साहेब."

शेजारी बसलेल्या जगदेवीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"यादीतलं सगळं खातात हे," ती म्हणाली. "एक घास टाकत न्हाईत. मग हात धुतात आन् म्हणतात, डायट झालं, आता जेवायला वाढ."