टाकीच्या व्हॉल्वला भिरंडेल

आमच्या पाली गावात संडासाला चार चाकं लावणारा पहिला माणूस मी. दुसरा अजून झालेला नाही.

याला कारण आमची गोदीआत्या. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि माझा तिच्यावर फार जीव होता. मला नोकरी लागावी म्हणून ती वेळणेश्वराला अभिषेकाचा नवस बोलली होती. नोकरी लागली, शाळेत विज्ञान शिकवता शिकवता माझे केस पिकायला आले, तरी नवस फिटेना. कारण प्रवासात आत्याला घटकेघटकेला लघवीला लागायची, आणि एसटी थांबणार ती स्टँडवरच. "देवाला सांग, माझ्याच्याने होत नाही," म्हणून ती घरीच राहायची. हे मला बघवेना.

मग मी एक जुना बंद टेंपो घेतला. आत बाक, स्टोव्ह, पडदे, आणि मागच्या कोपऱ्यात कमोड! खाली पत्र्याची टाकी, तिला भंगारातून आणलेला व्हॉल्व. दांडा ओढला की व्हॉल्व उघडणार आणि टाकी खालच्या खड्ड्यात रिकामी होणार. (कागदावर तो फार सुरेख उघडत असे.)

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात कमोड कोणी पाहिलेला नव्हता. शेजारचे बापू 'नुसतं बघतो' म्हणून आत शिरले, ते वर्तमानपत्र घेऊन. मग त्यांचं कुटुंब आलं, वरच्या वाडीतले आले, कोणाकडे आलेले पाहुणे आले. नाही कोणाला म्हणायचं? सोमवारी अभिषेक ठरला होता आणि रविवारी दुपारी टाकी काठोकाठ भरली होती.

मी माडाखाली खड्डा खणला, टेंपो त्यावर उभा केला आणि दांडा ओढला. हलेना. पाय टेकून ओढला. हलेना. बापूंनी दोर बांधून ओढला तेव्हा दांडा वाकला, व्हॉल्व तसाच. बायकोने सुचवलं की भरल्या टाकीनेच जाऊ. चिपळूणच्या वाटेवरची वळणं तिने बहुतेक मनात आणली नव्हती. मी आणली, आणि हट्टाला पेटलो.

अडकलेल्या वस्तूला तेल द्यावं, हे शास्त्र. खोबरेल पातळ, वाहून जाईल. जरा टिकणारं काही हवं. तेवढ्यात मला कोनाड्यातला भिरंडेलाचा गोळा दिसला. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं हे तेल आमच्याकडे थंडीत पायांच्या भेगांना लावतात. मी तो अख्खा गोळा पळीत वितळवला, व्हॉल्वच्या सांध्यात ओतला आणि रात्रभर मुरू दिला.

सोमवारी पहाटे कडाक्याची थंडी. आदल्या दिवशी दांडा निदान करकरत तरी होता, आता तो वाकडा दांडा देवळाच्या खांबासारखा अचल. बायको कंदील घेऊन आली.

"काय घातलंत यात?"

"भिरंडेल."

तिने कंदील माझ्या तोंडाशी धरला. "अहो, ते गार झालं की गोठतं. तुम्ही मुलांना शिकवता ना?"

शिकवतो. घन, द्रव, वायू. इयत्ता पाचवी. आम्ही व्हॉल्व लाखेने बंद करावा तसा स्वहस्ते बंद केला होता!

पण आत्या नवं लुगडं काढून बसली होती, आणि आता माघार घेणं शक्य नव्हतं. न्हाणीच्या चुलीवर तिच्या आंघोळीचं पाणी उकळत होतं. तो हंडा आम्ही उचलून आणला. वाकलेला दांडा आता खालूनच हाताला लागत होता, म्हणून खड्ड्यावर फळी टाकून मी टेंपोखाली उताणा निजलो, तो दोन्ही हातांनी धरला आणि बायकोला बाजूने तांब्या-तांब्याने पाणी ओतायला सांगितलं. पहिल्या तांब्याला काही नाही. दुसऱ्याला भिरंडेल माझ्या मनगटावरून ओघळलं. मी सर्व ताकदीनिशी दांडा ओढला.

व्हॉल्व उघडला. पुरता उघडला. खड्डा बरोबर व्हॉल्वखाली होता, आणि खड्ड्यावर मी होतो.

पालीतल्या समस्त ओळखीच्या माणसांचा असा एकत्रित सहवास मला पुन्हा कधी लाभला नाही. बायको तांब्या टाकून पळाली. बापू कुंपणापलीकडून "उघडला काय रे?" म्हणून विचारत होते. आत्या ओटीवर आली, पदर नाकाला लावला आणि आत जाऊन शिकेकाई घेऊन आली.

विहिरीवर चार वेळा न्हाऊन मी गाडी काढली, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून. निवळीच्या पुढे आत्या म्हणाली, "बाळ्या, थांबव जरा."

मी अभिमानाने मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"नको रे मेल्या. त्यात मी बसले तर उद्या परत तुलाच खाली निजायला लागेल. मला नाही बघवायचं. ती करवंदीची जाळी दिसते ना, तिथे थांबव."

मी थांबवली. पुढेही जिथे जिथे जाळी आली तिथे थांबवली. वेळणेश्वराला अभिषेक झाला, आत्या पिंडीसमोर हात जोडून रडली, आणि माझेही डोळे भरून आले. (वासाने नव्हे.)

आत्याला हवा होता तो फक्त सांगितल्याबरोबर गाडी थांबवणारा माणूस. मी तिच्यासाठी जे बांधलं ते तिला सोडून अख्ख्या पालीने वापरलं, आणि अंगावर घेतलं ते मी एकट्याने.