ह्विच्चेचा राजा आणि बाबा

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इंग्लंडमध्ये वूस्टरला आमच्याकडे घेऊन आलो. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. नवरा आणि मी, दोघंही हॉस्पिटलच्या नोकरीत. बाबांनी जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवलेला, पण इथे आल्यापासून ते दिवसदिवस खिडकीशी बसून असायचे. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "तुम्ही म्हणाल तसं."

शनिवारी सकाळी लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा वर्ग भरायचा. मी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका होत्या. इंग्लंड एक देश होण्याआधी आपल्या या भागात ह्विच्चे नावाचं छोटं राज्य होतं, त्या सांगत होत्या. शेजारी बलाढ्य मर्सिया. ह्विच्चे एका दिवसात बुडालं नाही. जमिनीच्या जुन्या दानपत्रांत तिथला राज्यकर्ता आधी राजा असतो, मग मांडलिक राजा, आणि पुढे त्याच घराण्यातला माणूस मर्सियाच्या राजाचा नुसता अधिकारी.

बाबा उभे राहिले.

"तो घरी गेल्यावर मुलांना काय म्हणाला असेल?" त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारलं.

बाई म्हणाल्या, "ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."

परतताना सेव्हर्न नदीच्या पुलावर बाबा आपणहून बोलू लागले. त्यांचे वडील एका लहानशा संस्थानात दफ्तरदार होते. संस्थान विलीन झालं तेव्हा बाबा दहा वर्षांचे. "त्या दिवशी वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत गेले. मी विचारलं, आता तुम्ही कोण? म्हणाले, कारकून. मला त्यांची लाज वाटली गं. शाळेत मी कुणाला सांगितलंच नाही."

मग ते म्हणाले, "सूनबाई, मला परत पाठवा."

"आमचं काही चुकलं का, बाबा?"

"नाही. पण इथे चहा हवा असला तरी मी तुमची वाट बघतो. मला माझ्या घरात राहू द्या."

मला लागलं ते. घरात आठवडाभर वाद झाला. एकटे कसे राहतील, यावर नवरा अडून बसला होता. मी पहिल्यांदाच त्याच्याविरुद्ध बाबांची बाजू घेतली. शेवटी तिकीट काढलं.

बाबा तिकडे तीन वर्षं एकटे राहिले. स्वयंपाक शिकले, पत्रं लिहीत राहिले, आणि एका दुपारी झोपेतच गेले. नवरा मला कधी बोलला नाही, पण आम्ही त्यांना जाऊ दिलं ते बरोबर होतं का, हे आम्हा दोघांनाही अजून ठरवता आलेलं नाही.

मला आठवतो तो एअरपोर्ट. नवरा रागाने गाडीतच बसून राहिला होता. बाबा दारापर्यंत जाऊन मागे फिरले, त्याला काच खाली करायला लावली, आणि आत हात घालून त्याच्या केसांवरून फिरवला. मग बॅग उचलून आत गेले.