गोळी लागू पडली नाही, हा माझ्या लेकीवरचा आरोप

तारखा आधी. संक्रांतीनंतरचा सोमवार: प्रतिवादी क्रमांक एक, माझ्या मुलीवर उपचार करणारे डॉक्टर. त्याच दिवसाची संध्याकाळ: क्रमांक दोन, तिची सासू. नातवाच्या बारशाचा रविवार: क्रमांक तीन, पाळण्याभोवती गप्प राहिलेले आम्ही सर्व.

मुलीला पीसीओएस आहे. बीज वेळेवर तयार होत नाही. डॉक्टरांनी महिन्यामागून महिने एकच गोळी दिली, डोस वाढवला. सोनोग्राफीत काही दिसेना. त्या सोमवारी भरल्या ओपीडीत ते म्हणाले, "ही गोळ्या घेतच नसणार. नाहीतर लागू पडायलाच हव्या होत्या."

सोबत मी होतो, विहीणबाईही होत्या. संध्याकाळपासून त्या सुनेला समोर उभं करून गोळी देऊ लागल्या. "आ कर. जीभ उचल." चिकलठाण्याच्या कारखान्यात अख्खा विभाग सांभाळणारी माझी लेक तोंड उघडून दाखवत असे.

पुढे माझ्या मुलाला मुलगा झाला. मुकुंदवाडीच्या आमच्या घरी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. लेक पाळण्यावर वाकली, तोच विहीणबाई म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे गं. गोळी गिळता येत नाय, नाव काय सांगतीस?"

ती सरळ झाली. नाव चुलत आत्यानं सांगितलं. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. माझ्या लेकीची पाठ तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात दिसेनाशी होत होती.

याच लेकीच्या बारशाला तिचं नाव माझ्या बहिणीनं सांगितलं होतं. बहिणीलाही मूल नव्हतं. पण आईनं तिला स्वतः पुढं ढकललं, "वाक की गं, लई भाव खातीस!" आणि पहिला धपाटा आईचाच. बहिणीचं ते हसू आज घरात पुन्हा ऐकू यावं, असं फार वाटतं.

बारशानंतर मी लेकीला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" मी बहिणीचं सांगितलं. पाळी तिचीही कधी वेळेवर नसे. बाई म्हणाल्या, "हा आजार घराण्यात उतरू शकतो, वडिलांकडूनही. आणि एकच गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. त्यातही आनुवंशिकतेचा वाटा असतो. कुणाला कोणती लागू पडेल, हे आधी खात्रीनं सांगणारी तपासणी अजून नाही. म्हणून औषध बदलून पाहायचं." आयुष्यभर मी वारसाहक्काचे दावे चालवले, ही मिळकत कोणत्याच उताऱ्यावर दिसली नव्हती.

मला वाटलं, लेक आता मूल होईल का, असं विचारील. तिनं विचारलं, "हे माझ्या सासूबाईंना सांगाल का?"

औषध बदललं. या महिन्यात बीज वाढलेलं दिसलं. मूल होईल की नाही, ठाऊक नाही. तिच्या पाठीत पडणाऱ्या धपाट्यांच्या आवाजाची मात्र मी वाट पाहतो आहे.

डॉक्टरसाहेब, आरोप आपण भरल्या ओपीडीत केलात. बंद पाकिटातला खुलासा मला नको. त्याच ओपीडीत, विहीणबाईंच्या समोर, सर्वांना ऐकू जाईल असं सांगा: माझी मुलगी गोळ्या घेत नव्हती, हे आपण कोणत्या पुराव्यावर म्हणालात?