सोफ्यांमधला बँड

माझी मावशी सोफे दुरुस्त करते. हातात कात्री, केसांत फोमचा भुगा आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. आमच्या रॉक बँडला शेजाऱ्यांनी घरोघरून हाकलल्यावर तीच म्हणाली, "माझ्या दुकानात या. भिंतींना फोम लावून ठेवलेला असतो, आवाज बाहेर जायचा नाही."

तिला आमचं संगीत आवडत होतं असं मुळीच नाही. "हे गाणं आहे की भांडण?" असं तिने एकदा विचारलं, आणि मग चार वर्षं प्रत्येक सुट्टीच्या दिवशी शटर उघडून दिलं. माझी आई तर गिटार दिसली की कपाळाला हात लावायची. मावशीचे उपकार मी कसे फेडणार, मला खरंच कळत नाही.

दुकानात सगळीकडे उघडेबोडके सोफे. मोकळी जागा काय ती तिच्या मशीनभोवती. म्हणून आम्ही तिच्याभोवती गोल करून, एकमेकांकडे तोंड करून वाजवायचो, आणि ती मधे मान खाली घालून शिवत बसायची.

यंदा संगीत महोत्सवात नव्या बँडसाठीच्या छोट्या मंचावर आमचा नंबर लागला. लोक थांबले तर पुढे, नाहीतर बँड बंद, असं आमचं ठरलं होतं. ड्रमवाला नोकरीसाठी परगावी निघायच्या बेतातच होता. त्यात आमच्या आधी तीन बहिणींचा बँड. त्यांनी असं काही वाजवलं की अख्खं मैदान नाचलं, आणि त्या उतरल्याबरोबर ते मैदान जेवायला गेलं.

आम्ही मंचावर चढलो आणि सवयीने गोल करून उभे राहिलो. लोकांकडे आमच्या पाठी! घाबरलेल्या माणसाला काय कळतं? मी डोळे मिटून गायला लागले.

निम्म्या गाण्यात कुणीतरी माझे खांदे धरले. मावशी! रखवालदाराला काय सांगून वर आली, देव जाणे. दुकानात खुर्ची फिरवते तसं तिने मला गर्रकन फिरवलं, मग गिटारवाल्याला, मग बेसवालीला. ड्रम जड म्हणून ड्रमवाला तेवढा वाचला.

मैदानात हशा पिकला. हातातल्या ताटल्या घेऊन लोक गंमत बघायला आले आणि शेवटच्या गाण्यापर्यंत हलले नाहीत. "नोकरी इथेच बघतो," ड्रमवाला म्हणाला.

खाली उतरून मी मावशीच्या गळ्यात पडले. रडूच आलं. "तू वर आली नसतीस तर आज आमचं काही खरं नव्हतं गं."

"बँडबिंड मला काय कळतंय," ती माझे डोळे पुसत म्हणाली. "चार वर्षं मान खाली घालून ऐकतेय तुला. म्हटलं, आज काम नाही हातात, तर गाताना तुझं तोंड तरी बघू."